धर्मकांट्यावरचं बिऱ्हाड

वस्तू पारखून घ्यावी तर आमच्यासारखी! पंडरीच्या बाजारात माझं कापडाचं दुकान, आणि माझं उभं आयुष्य मीटरपट्टीवर गेलं. गिऱ्हाईक पायरी चढून आत येईपर्यंत त्याच्या कुडत्याला किती कापड लागेल हे माझ्या डोळ्यांनी मोजून झालेलं असतं. त्यामुळे दुकान मुलीच्या, म्हणजे ज्ञानदाच्या हाती देऊन मी चाकांवरचं घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात, कोणी काळजी करायचं काही कारण नव्हतं. तरी लोकांनी केली!

कल्पना मुळात इरावतीची. इरावती म्हणजे आमची बायको. नंतर ती कल्पना मी माझीच म्हणून गावभर सांगितली, तो भाग वेगळा.

दुकानदाराला सुट्टी नसते हो! लग्नसराई संपली की राखी, राखी संपली की दिवाळी, दिवाळी संपली की पुन्हा लग्नसराई. कधी गेलोच तर नातेवाइकांकडे. नागपूरला हिची मावशी, जबलपूरला माझा आतेभाऊ. तिथे मी पाय पसरून पेपर वाचायचो आणि इरावती पदर खोचून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभी. परत आल्यावर म्हणायची, "लोकाच्या घरी साखरेचा डबासुद्धा विचारून घ्यावा लागते. मले एकदा अमरकंटकले जायचं आहे. आपलं बिऱ्हाड घेऊन. माझ्या गॅसवर, माझ्या डब्यातल्या साखरेचा चहा करीन आणि माझ्याच दारात बसून पिईन. बस!"

एवढंच मागणं होतं बिचारीचं. आता मी त्याचं काय केलं ते ऐका.

इरावतीचा धाकटा भाऊ भार्गव. शहराबाहेर सिलतऱ्याला, लोखंडाच्या कारखान्यांच्या गर्दीत, त्याचा छोटा कारखाना आहे. फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि वॉचमनच्या केबिनी बनवतो. मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ पाहून त्याने हौसेनं दोन घरं बनवली होती. एक फायबरचा मोठा डबा. तो पिकअपच्या पाठीवर ठेवायचा, आणि झोपायची जागा ड्रायव्हरच्या डोक्यावर, शिडी चढून. दुसरा छोटासा ट्रेलर, स्वतःच्या दोन चाकांवर उभा. पिकअपच्या मागे जोडायचा. दार बुटकं, पायरी एकच, आणि दारालगत गॅसचा ओटा. आम्ही एकाला पाठीवरचं घर म्हणायला लागलो आणि दुसऱ्याला शेपटीचं. पिकअप दुकानाची होतीच.

इरावतीनं दोन्ही पाहिली आणि लगेच म्हणाली, "शेपटीचं घ्या."

"काहून?" मी विचारलं.

"शिडी चढून झोपायचं म्हणता, माझ्या गुडघ्याले विचारलं का तुम्ही? अन् हे सोडून ठेवता येते. तुम्ही पिकअप घेऊन भाजी आणाले गेले तरी माझं घर जागेवर राहील."

मुद्दा बिनतोड होता. म्हणूनच मी खिशातून टेप काढला! पाठीवरच्या घराची लांबी मोजली, उंची मोजली, पलंगाचा पन्हा मोजला. खिडकीला पडदा किती लागेल तेही मोजलं. मग घसा खाकरून निकाल दिला, "मापात हेच बसते. शेपटीचं आखूड आहे."

"भाऊजी, हा तर फूल आहे फूल!" भार्गव म्हणाला. "फायबर! वजनच नाही."

वजनाचा विचार मी केलाच नव्हता. कापडवाला माणूस पन्हा बघतो, पोत बघतो, रंग जाईल का ते बघतो. वजन कशाला बघेल?

खरं कारण मात्र टेपमध्ये नव्हतं. ते सगळ्या सिलतऱ्याला माहीत आहे, तेव्हा तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. आदल्या आठवड्यात आसपास कोणी नाही असं समजून मी भार्गवच्या आवारात तो ट्रेलर जोडून चालवून पाहिला होता. पुढे छान गेला. मागे घेताना मी स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं, तर शेपटी डावीकडे! डावीकडे फिरवलं, तर शेपटी आणखीच भलतीकडे! बहुतेक मी ॲक्सिलरेटरही जरा जास्त दाबला. पाण्याच्या टाक्यांची अख्खी रांग गडगडत फाटकाकडे निघाली आणि ट्रेलरनं एक वॉचमनची केबिन पुढे ढकलायला सुरुवात केली. केबिन विकाऊ होती, पण रिकामी नव्हती! आत भार्गवचा वॉचमन लहानू चहा पीत बसला होता. केबिन सरकत सरकत रस्त्याकडे निघाली तशी त्यानं खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडला, "साहेब, मले कुठं घेऊन चालले?"

तर हे असं. ज्याला मागे घेता येत नाही ते घर मला नको होतं. पण हे बायकोला कोण सांगणार? मी म्हणालो, "ट्रेलर आपल्या रस्त्यांसाठी बनलेलाच नाही!" इरावतीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गप्प बसली. ती गप्प बसली की मला वाटतं मी जिंकलो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ही चूक मी करतोच.

निघायच्या दिवशी सकाळी तात्यापाऱ्यात कोण गर्दी! पिकअपच्या पाठीवर तो पांढरा डबा चढवलेला, त्यावर झेंडूची माळ. नारळ फुटला. कोणी म्हणालं, "श्यामकांतराव, रथ आहे हो रथ!" मी छाती काढून हात हलवला. ज्ञानदा स्टेअरिंगवर बसली. बिलासपूर रोडनं सिलतऱ्यापर्यंत ती येणार, भार्गवकडून डब्याचे नटबोल्ट आवळून घेणार आणि मग गाडी माझ्या हाती देऊन दुकानावर परतणार, असा बेत होता.

आमची ज्ञानदा मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते. शहराबाहेर पडताच ती म्हणाली, "पापा, गाड़ी नाक ऊपर करके चल रही है."

"रुबाबात चालून राहिली!" मी म्हणालो.

"स्टेअरिंग हल्का लग रहा है. पीछे वज़न ज़्यादा है. मैं रोज़ इसमें गठानें लादती हूँ, मुझे मालूम है." आणि तिनं सिलतऱ्यात भार्गवच्या कारखान्याऐवजी सरळ धर्मकांट्यावर गाडी घातली!

धर्मकांटा म्हणजे ट्रक वजन करायचा तो लोखंडी फलाट. पुढे स्पंज आयर्नचे ट्रक, मागे ट्रक, आणि मधे झेंडूची माळ घातलेलं आमचं घर. काचेच्या खोलीत माईक घेऊन एक मुलगी बसली होती. वर लाल आकड्यांची पाटी. आकडे धावले, थांबले. ज्ञानदानं पिकअपच्या दारावर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचली, पाटी वाचली आणि कपाळावर हात मारला.

"ओवरलोड!" माईकवरून आवाज आला. मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला.

एवढ्यात भार्गव स्कूटरवर पोचला. "काहून रे, फूल म्हणाला होतास ना?" मी त्याच्यावर तापलो.

"फायबर फूलच आहे भाऊजी. पण आत सांगाडा लोखंडाचा टाकला. सिलतऱ्यात बसून लोखंड नाही टाकणार तर काय?"

आता मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं. पण मागे ट्रकवाल्यांची रांग, सगळे उतरून बघताहेत, आणि मला तर हुकूम सोडायची सवय. मी मोठ्यानं म्हणालो, "इरावती, तुझं स्वयंपाकघर उतरव! सगळं वजन त्याचंच आहे!"

ती गुडघ्यावर हात ठेवून डब्यात चढली. कुकर उतरवला. पोळपाट-लाटणं उतरवलं. कढई, खलबत्ता, लोणच्याची बरणी. रस्त्याकडेला तिथे सगळी काळी धूळ असते, तिच्यावर तिनं आपली जुनी ओढणी पसरली आणि एकेक भांडं मांडलं. शेवटी मिसळणाचा डबा आणि साखरेचा डबा. साखरेच्या डब्याला तिनं मुद्दाम नवीन रंग दिला होता, पिवळा. ट्रकवाले बघत होते. पाटीवरचा लाल आकडा जेमतेम हलला!

"अजून काय आहे तुझं?" मी विचारलं.

तेव्हा ती बोलली. हळू बोलली, पण मागच्या ट्रकनंही भोंगा थांबवला असं मला वाटलं. "जन्मभर लोकाच्या घरी माझं सामान कोपऱ्यात ठेवलं मी. आता माझ्याच घरातून ते रस्त्यावर ठेवून राहिले तुम्ही. माझं इतकंच होतं."

मला लाज वाटली. खरी वाटली. पण ती वाटून पुरती होते ना होते, तोच आतून ज्ञानदाचा आवाज आला, "पापा! पलंग के नीचे ये क्या है?"

पलंगाखाली इन्व्हर्टर होता. त्याच्या दोन बॅटऱ्या होत्या. मला पंख्याशिवाय झोप येत नाही.

"और ये?"

ती माझी आरामखुर्ची. शिसवी लाकडाची. घडी होते ती!

"और ये गठान?"

ती पडद्याच्या कापडाची. भारी कापड, जरा जास्त घेतलं होतं. वाटेत कोणी गिऱ्हाईक भेटलं तर बरं! शिवाय कूलर होता. पाण्यासकट. शिवाय माझी पेटी, कारण नर्मदेच्या काठी मी भजन म्हणणार होतो.

भार्गव आणि दोन ट्रकवाले ओझी उतरवू लागले. प्रत्येक ओझ्यागणिक पाटीवरचा आकडा धपाधप खाली! बॅटऱ्या उतरल्या तेव्हा तर पिकअपचं नाकही खाली आलं. ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गाडीच्या दाराशी, कांट्यावरच उभा होतो आणि कुठे बघावं ते मला कळत नव्हतं.

"अब भी थोड़ा ज़्यादा है," ज्ञानदा म्हणाली.

"आता तर काही उरलं नाही!" मी म्हणालो.

काचेच्या खोलीतून माईक खरखरला, "अंकल, आप ज़रा नीचे उतरिए तो!"

मी कांट्यावरून उतरलो. सगळ्यांच्या माना वर, पाटीकडे. आकडा थरथरला, घसरला आणि मर्यादेच्या आत जाऊन थांबला.

"अब ठीक है! अंकल, आप नीचे ही रहिए!"

अहो, काय हशा उसळला! सिलतऱ्याचे ट्रकवाले असे हसताना मी कधी पाहिले नव्हते. भार्गव तोंडाला रुमाल लावून स्कूटरमागे गेला. इरावती हसली नाही. ती ओढणीवरची भांडी पुसत होती.

मी तिच्याजवळ गेलो. बॅटऱ्यांच्या आणि आरामखुर्चीच्या मधून वाट काढत जावं लागलं. म्हणालो, "शेपटीचं घर घेऊ. तू म्हणाली होतीस तेच."

"माझे गुडघे दुखतात म्हणून?" ती म्हणाली. "का तुमची पेटी मावते म्हणून?"

"नाही. तू म्हणाली होतीस म्हणून."

तिनं साखरेचा डबा पुसून माझ्या हातात दिला. तो मी छातीशी धरून कारखान्यापर्यंत चालत गेलो. गाडीत बसायची माझी हिंमत नव्हती.

तिथे क्रेननं पाठीवरचं घर उतरलं आणि पिकअपला ट्रेलर जोडला गेला. इरावतीनं एका पायरीवरून आत जाऊन आपलं स्वयंपाकघर लावलं. सगळं बसलं, आणि जागा उरली! तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. मी खूश होऊन ड्रायव्हरचं दार उघडलं.

"अहो," ती खिडकीतून म्हणाली, "अमरकंटकले गाडी लावताना मागे घ्या लागंन. येते ना तुम्हाले?"

मी भार्गवकडे पाहिलं. भार्गवनं आकाशाकडे पाहिलं. फाटकाशी लहानू आपल्या केबिनीत बसला होता. मी गाडीजवळ दिसताच तो केबिनीतून उठून बाहेर उभा राहिला!

इरावतीला सगळं कळलं. मला तर वाटतं आधीपासूनच ठाऊक होतं.

"मम्मी, मैं चलती हूँ," ज्ञानदा म्हणाली. "मुझे आता है."

"अन् दुकान?" मी विचारलं.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

त्या गेल्या. माझी आरामखुर्ची, बॅटऱ्या, कूलर आणि पेटी घेऊन मी भार्गवच्या टेंपोत बसून तात्यापाऱ्यात उतरलो. सकाळी ज्यांनी रथ म्हटलं होतं ते सगळे ओट्यावरच होते. कोणी काही विचारलं नाही, पण कूलर आत न्यायला सगळ्यांनी हात लावला. त्यापेक्षा विचारलं असतं तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी चहा करायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. आधण ठेवलं. चहापत्ती सापडली. साखर काही सापडेना! पिवळा डबा तर अमरकंटकला. पण घरातली साखर कशात असते? फडताळ पालथं घातलं. एका डब्यात रवा, एका डब्यात सोडा. तिसऱ्यात माझ्या नकळत लपवलेले बेसनाचे लाडू! शेवटी लाजत लाजत फोन लावला.

पलीकडे पाखरांचा आवाज येत होता. "काय हो?" इरावती म्हणाली. "मी दारात बसली आहे. चहा पिऊन राहिली."

"छान, छान," मी म्हणालो. "ते जरा, साखर कुठे असते आपली?"

तिनं कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "वरच्या फळीवर. स्टीलच्या डब्यात, मागे."

"घेऊ ना?" माझ्या तोंडून निघून गेलं. माझंच घर, आणि मी विचारत होतो!

"घ्या," ती म्हणाली. "पण झाकण नीट लावा, मुंग्या लागतात."

मी झाकण नीट लावलं. तोवर चहा उतू गेला होता!