शेवटी ओलांडणारे टिल्लू

माझ्या नातीच्या वाढदिवसाच्या केकमध्ये मिलिंद टिल्लू यांनी सर्वांसमक्ष पेन्सिल खुपसली. "वरचा थर कडक, मधला भुसभुशीत. काका, हा केक घसरणार." केक शेवटच्या तुकड्यापर्यंत घसरला नाही. ही बाब मी त्यांना दुसऱ्याच दिवशी लेखी कळवली. उत्तर आले, "उतार पुरेसा नव्हता."

टिल्लू आयर्लंडमध्ये, गॉलवेतल्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात अभियंते आहेत आणि आमच्या मराठी मंडळाच्या रविवारच्या डोंगरफेरीचे प्रमुख. पन्नाशी उलटलेली, राहतात एकटे. कधीकाळी त्यांनी आल्प्समध्ये जाऊन हिमकडे कसे कोसळतात याचे आठवडाभराचे शिक्षण घेतले. त्याची शिक्षा आम्ही भोगतो आहोत. ज्या देशात बर्फ सकाळी येतो आणि दुपारच्या पावसात वाहून जातो, तेथे हा गृहस्थ पाठीला फावडे बांधून हिंडतो. मी साताऱ्यास आयुष्यभर दिवाणी वकिली केली. दाव्यास कारणच नसताना दाखल केलेले दावे मला दुरून ओळखू येतात.

डोंगरात पांढरे काही दिसले की टिल्लू हात वर करून सर्वांना थांबवतात. "थराला विचारल्याशिवाय पाऊल नाही!" मग खड्डा खणतात, बर्फाचा चौकोनी खांब कापतात, त्यावर फावडे आडवे ठेवतात आणि वरून थापट्या मारतात, आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून. तोवर आमची थालीपिठे गारठून चामड्यासारखी होतात. एकदा घोट्याएवढ्या बर्फातला तो खड्डा पाहून एका मेंढपाळाने मेंढी हरवली आहे काय, असे विचारले. खुलासा ऐकून तो "यू विल बी ग्रँड", म्हणजे तुम्हाला काही होत नाही, असे म्हणाला आणि कुत्र्यासह त्याच उतारावरून खाली निघून गेला.

"कुत्र्याचं वजन कमी असतं," टिल्लू म्हणाले.

अखेर मी मंडळाच्या कार्यकारिणीकडे रीतसर तक्रार दाखल केली. मागणी एकच: टिल्लू यांना प्रमुखपदावरून दूर करावे. निर्णय सोमवारच्या बैठकीत व्हायचा होता.

"बाबा, त्या माणसाला रविवारशिवाय दुसरं आहे काय?" माझी मुलगी मेधा म्हणाली.

"हा मुद्दा तक्रारीच्या कक्षेबाहेरचा आहे," मी सुनावले.

बैठकीच्या आदल्या दिवशी आम्ही कॉनेमाराच्या डोंगरात होतो. या खेपेस बर्फ खरोखर पडला होता आणि वाऱ्याने एका घळीत लोटून ठेवला होता. टिल्लूंनी खड्डा खणला. मनगट झाले. कोपराच्या दुसऱ्या थापटीला खांबाचा वरचा भाग डब्याच्या झाकणासारखा अलगद सरकून खाली पडला. कोणी हसले नाही.

"इथून नाही," टिल्लू हळू म्हणाले. "खालच्या बाजूने जाऊ. तिथे उतार सौम्य आहे. तरी एकेकाने. एक जातो, बाकीच्यांची नजर त्याच्यावर."

ओलांडायचा बर्फाचा पट्टा लहानच होता. टिल्लू काठावर उभे राहून प्रत्येकाला नजरेने पलीकडे पोचवत होते. "हं मेधाताई, मध्ये थांबू नका. काका, या, मी बघतोय." पलीकडे पोचलेला प्रत्येकजण खडकाआड जाऊन चहाच्या थर्मासभोवती उभा राहत होता. या दिरंगाईचीही लेखी नोंद घेतली जाईल, एवढे टिल्लूंना बजावण्यासाठी मी मागे वळलो.

अलीकडच्या काठावर आता कोणीही नव्हते. टिल्लू एकटे ओलांडत होते आणि आमच्या दिशेने एकदाही पाहत नव्हते. आपल्याकडे कोणी पाहत असेल, ही शक्यताच त्यांनी फार पूर्वी निकालात काढलेली दिसली.

"टिल्लू!" मी ओरडलो. "मी बघतोय!"

ते स्वतःचाच नियम मोडून जागीच थांबले. "काका, चहा गार होईल तुमचा."

"मध्ये थांबू नका! बाकीच्यांची नजर त्याच्यावर, हा नियम तुमचाच. शेवटच्या माणसाला त्यात सूट आहे?"

ते पलीकडे आले. "सूट नाही," एवढेच बोलले आणि कोरडे ठाक फावडे रुमालाने बराच वेळ पुसत राहिले.

सोमवारी मी तक्रार मागे घेतली नाही. केकचा अवमान, थालीपिठांची हानी, सर्व मुद्दे कायम ठेवले. केवळ पदावरून दूर करण्याची मागणी वगळून त्या जागी दुसरी घातली: टिल्लू ओलांडत असताना कोणीही चहा ओतू नये.