ईश्वरदासजींची अस्सल मोटार

शालिकरामांच्या तेरवीला महिनाही झाला नव्हता, तेव्हा समोरच्या घरातले ईश्वरदासजी एका सकाळी अंगणात आले, शालिकरामांच्या मोटारीला टेकून उभे राहिले आणि तिथूनच मेलेल्या माणसाच्या चुका सांगू लागले.

"गाडी सोन्यासारखी होती," ते म्हणाले. "शालिकरामनं तिचा पार बट्ट्याबोळ करून टाकला."

शालिकरामांची मुलगी कुसुमावती ओट्यावर शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासत बसली होती. तिने पान उलटलं.

"तुले राग आला काय वं? गेलेल्याले बोलू नये, हे मलेही समजते. मी माणसाले नाही बोलून राहिलो, गाडीले बोलून राहिलो."

"बोला काका. गाडी काही उठून उत्तर देत नाही."

ईश्वरदासजींचे आजोबा आणि शालिकरामांचे आजोबा कोष्टीपुऱ्यातल्या एकाच छपराखाली माग चालवत. ईश्वरदासजींनी मात्र मागाला कधी हात लावला नाही. दारूला कधी शिवलो नाही असं लोक ज्या तोऱ्यात सांगतात, त्या तोऱ्यात ते ही गोष्ट सांगत. इतवारीत त्यांचं लुगड्यांचं दुकान होतं आणि गेल्या वर्षापासून त्यांना सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या मोटारींच्या क्लबात शिरायचं होतं. तिथे सभासद व्हायला पस्तीस सालच्या आधीची मोटार लागे, आणि तीही कारखान्यातून निघाली तशीच्या तशी. तोवर ते उमेदवार सभासद होते. उमेदवार सभासदाला चहा मिळे, बिस्किट मिळत नसे.

शालिकरामांची मोटार मुळात एका इंग्रज अधिकाऱ्याची. शर्यतीची, बसकी, उघडी, दोनच माणसांची. सत्तेचाळीस साली साहेब गेला आणि सामानाचा लिलाव झाला. तिला कोणी बोली लावेना. नागपूरच्या मे महिन्यात उघड्या गाडीत बसायचं तर साहेबच व्हावं लागतं, आणि साहेबसुद्धा मे महिन्यात पचमढीला जात. शालिकरामांनी ती घेतली. तिशीपर्यंत ते विणकर होते, लढाईच्या दिवसांत कामठीच्या लष्करी वर्कशॉपात मोटारीचं काम शिकले. घरात माणसं तीन, सोबत उमरेडला न्यायच्या सुताच्या गठड्या. म्हणून त्यांनी खालचा सांगाडा कापून दीड हात वाढवला आणि मागे सागवानी बाक बसवला. वर टिनाचं छत ठोकलं, दोन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावल्या. उमरेडच्या वाटेवरची काळी माती बसक्या चाकांना गिळून टाकते, म्हणून जीपची चाकं चढवली. साहेबाचं इंजिन दमलं, तेव्हा लष्कराच्या डिस्पोजलमधलं, मोडीत काढलेलं आणलं. नऊ वर्षं ती गाडी पाणी भरणाऱ्या बाईसारखी रोज कामाला येत राहिली.

"मी तिले मूळ रूपात आणतो," ईश्वरदासजी म्हणाले. "वहिनी, बोला, किती देऊ?"

शालिकरामांच्या बायको भागीरथाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही. "न्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाले जे वाटते ते द्या."

ते गेल्यावर कुसुमावती म्हणाली, "आई, मले विचारलं तरी असतं."

"ते गाडी दारात उभी असली का मी दोन ताटं जास्तीची घेतो वं," भागीरथाबाई म्हणाल्या. "एक त्यांचं, एक त्यांच्या जोडीदाराचं, नत्थूजीचं. मंग उचलून ठेवतो."

कुसुमावतीला मोटारीची हौस नव्हती. पण बाबांच्या हातचं एवढं मोठं काम दुसरं कुठे उरलं नव्हतं. त्यांनी विणलेली लुगडी लोकांनी केव्हाच नेसून फाडली होती.

गाडी रस्ता ओलांडून ईश्वरदासजींच्या अंगणात गेली, आणि पहिल्याच रविवारी क्लबाचे सेक्रेटरी मारोतराव ती तपासायला आले. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. पूल तपासून तपासून त्यांना कुठल्याही गोष्टीकडे ती आता पडणार अशा नजरेने बघायची सवय लागली होती. काखेत चित्रांचं जाड पुस्तक. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"छत?" त्यांनी विचारलं.

"काढतो," ईश्वरदासजी म्हणाले.

"आणि हे गवत?"

"ताट्या हायेत साहेब. उन्हाळ्यात पाणी मारलं का आत मसुरीची थंडी होते."

"पुस्तकात गवत नाही."

"काढतो."

काढायला नत्थूजीलाच बोलावलं, कारण शालिकरामांनी कुठला बोल्ट कुठे दडवला हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. नत्थूजी शालिकरामांचा जोडीदार, आधी मागावरचा, मग मोटारीवरचा. त्याने पाना हातात घेतला, पण लावला नाही.

"शेठ, एक सांगू काय? नवं सामान येऊ द्या. मागावर आपण नव्या ताण्याचे धागे जुन्याले एकेक करून बांधून घेतो, मंगच जुना कापतो. आधीच कापला तं अख्खा माग पुन्हा भरा लागते."

"हे काय लुगडं होय गा? तू काढ."

नत्थूजीने काढलं. छत, ताट्या आणि बाक अंगणात आले, तशी ईश्वरदासजींची बायको पंचफुला दारात आली.

"हे टिनटप्पर माझ्या अंगणात नाही पाहिजे. माझ्या पापडाची जागा हाय ते."

"शालिकरामचं हाय, शालिकरामच्या घरी टाकून ये," ईश्वरदासजींनी नत्थूजीला सांगितलं. "आपल्याले त्यातलं काही नको."

रस्ता ओलांडला की शालिकरामांचं घर. पुढची खोली मागाची. माग उठून पाच वर्षं झाली होती. नत्थूजीने सामान तिथे आणून ठेवलं. कुसुमावतीने टिनाचं छत उलटं करून पाहिलं, तर आतल्या बाजूला बाबांच्या अक्षरात पेन्सिलीची मापं होती, हात आणि वितीत. तिने ते पुन्हा सुलटं केलं आणि वह्या घेऊन बसली.

पंधरा दिवसांनी मारोतराव पुन्हा आले.

"ही चाकं जीपची आहेत."

"काढतो. तारांची चाकं कलकत्त्याहून मागवली हायेत."

जीपची चाकं रस्ता ओलांडून शालिकरामांच्या घरी आली. गाडी विटांवर बसली. कलकत्त्याहून तारांची चाकं आली नाहीत, तार आली, की अशी चाकं आमच्याकडे नाहीत.

पुढच्या खेपेला मारोतरावांनी बोनेट उचललं आणि कुणाच्या घरात नको तो माणूस दिसावा तसं पटकन खाली ठेवलं. "ईश्वरदासजी, आत लष्कर आहे."

इंजिनही रस्ता ओलांडून आलं. त्याला चार हमाल लागले. भागीरथाबाईंनी त्यांना चहा दिला आणि नत्थूजीला जेवायला वाढलं.

"काकाची गाडी आता चालते कशानं?" कुसुमावतीने विचारलं.

"चालत नाही बाई. पण दिसते मोठी अस्सल. काल शेठ दोन घंटे नुसते पाहत बसले होते."

मुंबईच्या एजंटाचं पत्र आलं, की त्या जातीचं इंजिन इंग्लंडात वीस वर्षं झाली बनत नाही. हवं असल्यास माहितीपत्रक मागवून देऊ. ईश्वरदासजींनी माहितीपत्रक मागवलं. ते आलं, आणि तेच घात करून गेलं. त्यात गाडीची लांबी छापलेली होती. मारोतरावांनी खिशातून टेप काढली, खाली वाकले, आणि उठले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता.

"सांगाडा सत्तावीस इंच जास्त आहे."

"साहेब, तो काढला तं मंग राहीन काय?"

"जे मूळ असेल ते राहील," मारोतराव म्हणाले.

ईश्वरदासजी रात्रभर झोपले नाहीत असं पंचफुलाने शेजारणीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगाडा रस्ता ओलांडून आला. समोरच्या अंगणात एका खाटेवर पांढरी चादर अंथरून बोनेट, दोन दिवे आणि कारखान्याच्या नावाची पितळी पट्टी एवढं राहिलं. ईश्वरदासजी रोज सकाळी चिंचेने पट्टी घासत.

"खाट कधी मोकळी होते?" पंचफुला विचारे.

"ती खाट नाही, गाडी हाय," ते म्हणत.

इकडे मागाच्या खोलीत सामान भिंतीपर्यंत आलं होतं. नत्थूजी म्हणाला, "बाई, नट-बोल्ट असे सुटे राहिले तं हरवतील. जागच्या जागी अडकवून ठेवतो. नुसतेच." कुसुमावतीने होकार दिला. त्याने सांगाडा मधोमध ठेवला आणि त्याला चाकं अडकवली, म्हणजे ती गडगडणार नाहीत. इंजिन जमिनीवर गंजतं म्हणून ते वर चढवलं. बाकाला वाळवी लागू नये म्हणून बाक. छत ठेवायला दुसरी जागाच नव्हती. तिसऱ्या रविवारी हरवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा नत्थूजीने सवयीने हँडल फिरवलं.

इंजिनाचा आवाज ऐकून भागीरथाबाई पदराला हात पुसत आल्या. कुसुमावती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"पुढचं डावं चाक हवा मागते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेवढ्यात ईश्वरदासजी धापा टाकत दारात हजर झाले.

"हे माझी गाडी हाय."

"तुमची गाडी तुमच्या खाटेवर हाय, काका," कुसुमावती म्हणाली. "हा तो बट्ट्याबोळ."

"मी विकत घेतली होती."

"आणि यातलं एकेक तुम्हाले नको होतं. नत्थूजीच्या हातानं धाडलं. पाहिजे तं आताच घेऊन जा. मारोतरावसाहेबाले सांगतो मी, का काका पुन्हा लष्कर बसवून राहिले."

ईश्वरदासजींनी इंजिनाकडे पाहिलं, मग समोरच्या खाटेकडे पाहिलं. बिस्किटाचा मोह मोठा होता. "मले काही नको," ते म्हणाले. "पण येत्या रविवारी क्लबात शेवटची तपासणी हाय. टांगेवाला बोनेट घेत नाही, घोडा बुजते म्हणते. तेवढं पोचवून देशील काय?"

रविवारी नत्थूजीने मागाच्या खोलीच्या दाराची चौकट काढून गाडी रस्त्यावर घेतली आणि कुसुमावती स्टिअरिंगच्या चाकापाशी बसली. बाबांनीच तिला शिकवलं होतं. शेजारी नत्थूजी. मागच्या बाकावर भागीरथाबाई, कारण क्लबातून पुढे उमरेडला बहिणीकडे जायचं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांच्या बाजूला मांडीवर बोनेट आणि दिवे, खिशात पट्टी घेऊन ईश्वरदासजी. पुढचं इंजिन उघडंच होतं. गांधीबागेपासून पोरं मागे धावत होती, आणि आपण यातले नव्हेत असं दाखवायला ईश्वरदासजी आकाशाकडे पाहत होते.

क्लबाच्या पोर्चमध्ये चकचकीत मोटारी रांगेने उभ्या होत्या. मारोतरावांनी हिरव्या कापडाच्या टेबलावर आधी दिवे घेतले.

"हा बसचा. आणि हा दुसऱ्या बसचा."

दिवे बाजूला गेले. मग त्यांनी बोनेट उताणं केलं. आतला रंग नखाने खरवडला. मग चष्मा काढून पुसून पुन्हा लावला. पत्र्यात ठोकलेली इंग्रजी अक्षरं आणि आकडे वर आले होते. लढाईतल्या तेलाच्या पिंपावर असतात तशी.

"हे काय आहे?"

"ड्रम हाय साहेब," नत्थूजी मागून म्हणाला. "एकोणपन्नास साली टांग्याचा दांडा घुसला होता. शालिकरामभाऊनं ड्रम कापून ठोकलं. आठ दिवस लागले. फरक समजते काय पाहा."

ईश्वरदासजी वळले. "मंग तू मले आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं, शेठ? तुम्ही काढ म्हणत गेले, मी काढत गेलो. हेही काढ म्हटलं असतं तं पोचवून दिलं असतं."

टेबलावर पट्टी उरली. मारोतरावांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली, पुस्तकाशी ताडली. "ही मात्र अस्सल आहे," ते म्हणाले. "पण नियमांत पट्टीची तरतूद नाही."

बाजूच्या टेबलावरचे दोघे-तिघे सभासद बिस्किट खाताना थांबले होते. ईश्वरदासजी हळू आवाजात म्हणाले, "कुसुम, मंग माझी गाडी कुठं हाय वं?"

कुसुमावतीला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. तीन महिने ती मनात उत्तरं जुळवत होती. तिने टेबलावरचं बोनेट उचललं.

"साहेबाची गाडी तुम्ही घेतलीच नाही, काका. ते बाबानं वापरून संपवली होती. तुम्ही घेतली ते बाबाची होती."

नत्थूजीने बोनेट जागेवर बसवलं. भोकाला भोक बरोबर आलं. मारोतराव नकळत जवळ गेले आणि वाकून सांध्यावरून बोट फिरवलं; बोटाला काही लागलं नाही. "हे कोणाचं काम?" असं त्यांनी विचारलं. कुसुमावतीने नाव सांगितलं. त्यांना लिहून घ्यायचं होतं, पण वहीत त्या नावासाठी रकाना नव्हता.

ऊन चढलं होतं. टांगा दिसत नव्हता.

"बसा भाऊजी," भागीरथाबाई आत सरकत म्हणाल्या. "घरी सोडून मंग आम्ही जातो."

ईश्वरदासजी बसले. त्यांनी स्वतः उठून ताटीवर पाणी मारलं आणि पुन्हा बसले. पुलाजवळच्या वळणावर गाडी कलली, तसा त्यांनी बाकासमोरच्या लोखंडी दांडीला हात घातला. ती दांडी शालिकरामांनी बायकोसाठी बसवली होती. वळणावर तिला भीती वाटे.

"भाऊजी," भागीरथाबाई म्हणाल्या, "ते दांडी माझी हाय."

ईश्वरदासजींनी हात काढून घेतला आणि आपली पितळी पट्टी धरून बसले.