मोतीरामचा तिसरा रकाना

एका जंगलात, बालमित्रांनो, सगळे काही कायद्याने चालत असे. सिंह शिकार करी, तीसुद्धा पावती देऊन.

त्या जंगलात काटोपंत नावाचे एक साळिंदर राहत होते. अंगभर काटे, त्यामुळे त्यांच्याजवळ कोणी फारसे बसत नसे. एक बायको बसायची, ती गेल्या साली वारली. मागे राहिला तिने पाळलेला पोपट, मोतीराम. त्याला एकच वाक्य येत होते, आणि ते तिच्या आवाजात. काटोपंत बिळात शिरले की तो म्हणे, "अहो, पाय पुसा आधी!"

काटोपंत पाय पुसत. मग उगाच बाहेर जात आणि पुन्हा आत येत. दिवसातून वीस वेळा पाय पुसणारे साळिंदर त्या जंगलात दुसरे नव्हते.

एके सकाळी मोतीराम पिसे फुगवून धापा टाकत बसला. दर श्वासाला त्याची शेपटी खालीवर होई. काटोपंतांनी त्याला टोपलीत घातले आणि डॉक्टर मुंगूसबाईंकडे नेले.

बाईंनी त्याच्या छातीला कान लावला. "छातीत धरलंय. चार थेंबांचं काम आहे, काका."

"मग घाला की, बाई."

बाईंनी बाटली फिरवून दाखवली. तिच्यावर कोंबडीचे चित्र होते.

"मग पोपटाच्या चित्राची द्या."

"तशी निघतच नाही. पोपट पाळणारे कितीसे? चित्र काढत कोण बसणार? आणि चित्राबाहेरच्याला औषध दिलं तर माझा परवाना जातो. तळ्यावर जा, बगळेसाहेबांची मंजुरी आणा."

या कायद्याला कारण होते, मुलांनो. एकदा सिंहाने नुकतेच औषध घेतलेली बकरी खाल्ली आणि तो तीन दिवस झोपला. त्या तीन दिवसांत जंगलात कोणी खाल्ले गेले नाही. असा अनर्थ पुन्हा होऊ नये म्हणून कायदा आला.

बगळेसाहेब एका पायावर उभे राहून अर्ज तपासत होते. अर्ज अगदी सोपा होता. पहिल्या रकान्यात रुग्णाचे नाव, दुसऱ्यात आजार. तिसऱ्यात विचारले होते, 'औषध दिल्यावर रुग्णास किती दिवसांनी खाणार?'

"कोण खाणार?" काटोपंतांनी विचारले.

"तुम्ही."

"साहेब, मी कंदमुळं खाणारा प्राणी."

"ती तुमची आवडनिवड. कायदा खाणाऱ्याच्या पोटासाठी आहे. खाणाराच नसेल तर कायद्यानं सांभाळायचं कुणाला? रकाना रिकामा चालणार नाही."

"साहेब, तुम्हीही पक्षीच. उद्या तुम्हालाच खोकला झाला तर?"

बगळेसाहेबांनी पाय बदलला. "मी सरकारी नोकरीत आहे," ते म्हणाले.

काटोपंत परत आले, तेव्हा मुंगूसबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो काका, चौदा लिहा आणि मोकळे व्हा! सगळे चौदाच लिहितात. त्या सांबरानं आपल्या मैनेसाठी दोनदा लिहिलं. मैना अजून त्याच्या शिंगावर बसून गातेय."

"पण ते खोटं ना, बाई?"

"अर्ज आहे तो. शपथ आहे का?"

काटोपंतांनी मोतीरामला घरी आणले. स्वतःच्या पाठीचा एक काटा उपटला, जांभळाच्या रसात बुडवला आणि तिसऱ्या रकान्यात 'चौ' एवढे लिहिले. मोतीराम मान तिरकी करून बघत होता. काटोपंतांनी काटा खाली ठेवला.

"तुझ्यादेखत कसं लिहू रे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेर, जांभळीखाली बसून लिहायचे ठरवले. पण आत परत जायचे होतेच. ज्याला खाणार म्हणून लिहिले, त्याच्यासमोर पाय पुसायचे कोणत्या तोंडाने? त्या दिवशीही 'चौ' तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी काटोपंत बिळात शिरले. पाय चिखलाने भरले होते. मोतीराम काहीच बोलला नाही.

त्यांनी उभ्या उभ्या 'दा' लिहिला आणि तळ्याकडे धावले. बगळेसाहेबांनी लगेच मंजुरी दिली, अक्षराचे कौतुकही केले. मुंगूसबाई बाटली घेऊन काटोपंतांच्या मागोमाग पळत आल्या. मोतीराम टोपलीत आडवा पडला होता. बाईंनी झाकण उघडले नाही.

मंजूर अर्जाची तपासणी करावीच लागते, म्हणून संध्याकाळी बगळेसाहेब स्वतः आले. त्यांनी मोतीरामला नीट पाहिले आणि दाखला लिहिला, 'अंगात औषधाचा अंश नाही. चौदा दिवस थांबण्याची आवश्यकता नाही. आजच खाण्यास योग्य.'

"नशीबवान आहात," ते म्हणाले.

काटोपंतांनी मोतीरामला बायकोशेजारी पुरले. मातीने भरलेले पाय घेऊन ते दाराशी आले. थोडा वेळ तिथेच थांबले. मग पाय पुसले आणि आत गेले.

तात्पर्य : ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला आपण चौदा दिवसांनी खाणार आहोत, असे सुवाच्य अक्षरात आणि पहिल्याच दिवशी लिहून द्यावे.