शालनराणीच्या प्लास्टरची आणि मुदपाकखान्याच्या सत्तांतराची हकीकत

श्री. ज्याने हाडे घडविली आणि जो मोडलेली सांधितो त्या परमेश्वरास आधी नमन, मग हाडांच्या डॉक्टरांस. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आषाढमासी, दुसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांच्या राज्यात जे वर्तमान घडले ते यथामति लिहितो. पदरचे घालीत नाही, आणि घातलेच तर थोडके.

त्या राज्यी दिगंबरराजे अधिपती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन दिवाणखान्यात सोफ्यावर विराजमान असत. राणी शालनबाई, मुदपाकखाना, म्हणजे स्वयंपाकघर, सर्वस्वी त्यांचे हुकमतीत, आणि राजेसाहेबांस तेथील पाण्याच्या पिंपापलीकडे मुलूख ठाऊक नाही. आषाढ लागला, तळणीचे दिवस आले, आणि राजेसाहेबांस चकलीची इच्छा जाहली. मग राणीसाहेब सोऱ्या काढावयास प्लास्टिकच्या स्टुलावर चढल्या आणि माळ्यापर्यंत हात पोचला आणि स्टुलाने दगा दिला आणि त्या उजव्या मनगटावर पडल्या. सोऱ्या शाबूत राहिला, मनगट मोडले. डॉक्टरांनी फोटो काढून प्लास्टर घातले आणि बजाविले, "काकू, दीड महिना या हातानं काही उचलायचं नाही. चमचासुद्धा नाही." चकल्या राहिल्याचे दुःख राजेसाहेबांनी मोठ्या मनाने गिळले.

मग समाचाराला लोकांची रीघ लागली. जो येई तो आधी प्लास्टर बोटांनी ठोकून पाही, नारळ घेताना पाहतात तैसे, आणि मग आपल्या मावसभावाचा हात कैसा वाकडा जुळला ती कथा सांगे, आणि कोणी तेल सुचवी, जे प्लास्टरावरून हाडास कैसे पोचावे हे त्यासही ठाऊक नसे, आणि प्रत्येकजण केळी आणी. केळ्यांचा ऐसा ढीग जाहला की राज्यात त्रिकाळ शिकरण सुरू जाहले. आणि हे उरकले की पाहुणा राणीसाहेबांकडे पाठ करून राजेसाहेबांकडे वळे आणि कळवळून विचारी, "मग जेवणाचं कसं करता हो?" शेजारच्या राज्याच्या कारखानीसकाकू तर डोळ्यांस पदर लावून बोलिल्या, "भाऊंचे फार हाल. बघवत नाही," आणि भाऊंसाठी म्हणून एका माणसापुरता डबा पाठवू लागल्या. राजेसाहेबांस ती करुणा गोड लागली. सुस्कारा सोडून म्हणत, "चालायचंच. दिवस काढायचे." हात दुखतो काय, हे एकानेही पुसिले नाही. प्लास्टराआत खाज सुटे ती राणीसाहेब विणकामाच्या सुईने खाजवीत. राग मात्र साठत होता, आणि तो रास्त होता, ऐसे आमचे मत.

पुढे एके दिवशी खात्यातले जुने स्नेही सहकुटुंब आले आणि दिवाणखाना भरला आणि राजेसाहेबांनी सोफ्यावरूनच फर्माविले, "अगं, थोडा चहा टाकतेस का? डाव्या हातानं." राणीसाहेब उठल्या. डाव्या हाताने पातेले चढविले आणि डाव्याच हाताने आले ठेचिले, आणि दूध उतू जाऊ लागले तेव्हा उजवा हात सवयीने आपसूक पुढे गेला आणि त्याने पातेले उचलिले. कळ ऐसी आली की त्या फरशीवरच बसल्या. पुन्हा डॉक्टर, पुन्हा फोटो. डॉक्टर कपाळास आठ्या घालून बोलिले, "हाड सरकलंय. या वेळी बसवतो. पुन्हा हललं तर ऑपरेशन, आणि मग मूठ पहिल्यासारखी वळेल याची खात्री मी देत नाही." प्लास्टर कोपराच्या वर चढले. परततेवेळी राणीसाहेब रिक्षात रडल्या. ज्या हातावर सारा जन्म चालविला तोच अधू जाहला तर करावे काय, हे भय त्यांस पडले. आणि राजेसाहेबांसही प्रथमच भय पडले.

मग राजेसाहेबांनी मसलत केली, ती एकट्याशीच केली. कऱ्हाडास त्यांच्या थोरल्या भगिनी गोदाक्का. त्यांची जरब ऐसी की कोणाच्या घरी पाऊल ठेविले की आधी तेथील आमटीत खोड निघे. त्यांस फोन करून विनविले, "अक्का, तू ये आणि स्वयंपाकघर ताब्यात घे." राणीसाहेबांनी ते ऐकिले. हात जाण्याचे भय होतेच, त्यात राज्यही चालले.

गोदाक्का एस.टी.ने आल्या. स्वारी कैसी येते ते पाहावयास कारखानीसकाकू आधीच येऊन बसल्या होत्या. अक्कांनी पिशवी दारातच ठेविली आणि मुदपाकखान्याकडे ढुंकून न पाहता राणीसाहेबांशेजारी बसल्या आणि प्लास्टरातून बाहेर डोकावणारी बोटे हाती घेतली.

"बोटं सुजलीत की गं. फार दुखतं का?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न आला नव्हता, आणि आला तो ज्यांची धास्ती त्यांच्याच मुखातून. "हो अक्का," राणीसाहेब म्हणाल्या, "फार दुखतं."

राजेसाहेब मधुर स्वरे बोलिले, "अक्का, दमली असशील. आधी चहा ठेवतेस का? सगळ्यांनाच होईल."

"मी शालनला बघायला आले, दिगू. हात तिचा मोडलाय. तुझे दोन्ही धड दिसतात," अक्का वदल्या. "माझ्या चहात साखर कमी घाल."

कारखानीसकाकूंस एकाएकी घरी दूध तापत असल्याचे स्मरले. राजेसाहेब उठले, आणि मुदपाकखान्याची मोहीम सुरू जाहली. अक्का आणि राणीसाहेब सोफ्यावर बसून हुकूम सोडीत आणि राजेसाहेब आत लढत. पहिले दिवशी भात करपला आणि दुसरे दिवशी वरणात मीठ दोनदा पडले आणि कणीक मळताना पाणी जास्त, मग पीठ जास्त, मग पुन्हा पाणी, ऐसे करिता करिता परातभर कणीक जाहली आणि माणसे तीन. कुकराची शिट्टी जाहली की राजे दचकून मागे सरत. अक्का म्हणत, "घाबरू नकोस, तो चावत नाही." समाचारास जो येई त्यास अक्का सांगत की चहा हवा तर आत जाऊन करून घ्यावा आणि कप विसळून ठेवावा. तीन दिवसांत रीघ आटली. राणीसाहेबांनी हात उशीवर ठेवून दुपारी झोप काढिली, आणि लग्नानंतर ऐसी झोप प्रथमच लागली, हे त्यांनी अक्कांस मोकळेपणी सांगितले. अक्का कऱ्हाडास परतल्या तोवर राजेसाहेबांची पोळी फुगू लागली होती. राजेसाहेब ती जाळीवरून उचलून दिवाणखान्यात दाखवावयास आणीत.

मुदत भरली आणि प्लास्टर कापिले. आतून हात निघाला तो पांढुरका आणि बारीक. आपलाच असून परका वाटे. राणीसाहेबांनी भीत भीत मूठ मिटली. मिटली, आणि उघडली. डॉक्टर फोटो उजेडास धरून बोलिले, "सरळ जुळलंय, काकू. आता हळूहळू सगळी कामं करा." राजेसाहेबांस हर्ष मावेना, तो हाताचा होता की पोळ्या सुटल्याचा, याचा निवाडा आम्ही करीत नाही.

सायंकाळी कारखानीसकाकू हसतमुखे आल्या. "सुटलात बाई भाऊ!" राणीसाहेब सवयीने उठल्या आणि चहा करावयास मुदपाकखान्यात गेल्या. पाहतात तो सारा मुलूख फिरलेला. डाळींच्या जागी कप आणि कपांच्या जागी तेलाची बरणी आणि प्रत्येक डब्यावर राजेसाहेबांच्या हस्ताक्षरात चिठ्ठी.

"अहो, चहापूड कुठंय?"

"तुझ्या समोरच आहे की," सोफ्यावरून उत्तर आले. "नीट बघ जरा."

राणीसाहेबांनी हात पुढे केला. मग तो मागे घेतला आणि बाहेर येऊन काकूंशेजारी बसल्या आणि राजेसाहेबांस म्हणाल्या, "मला नाही बाई सापडत. तुमच्या राज्यातलं तुम्हालाच ठाऊक." राजेसाहेब पुटपुटत उठले आणि आत गेले आणि आले ठेचण्याचा आवाज येऊ लागला.

येणेप्रमाणे हाड सांधले, राज्य टिकले, आणि चहाचा अधिकार राजेसाहेबांकडे कायम जाहला, तो आजतागायत. चहापूड राणीसाहेबांस पहिल्याच नजरेत दिसली होती. आम्हांस ते ठाऊक आहे. राजेसाहेबांस कोणी कळवू नये, ही विनंती.