आवाज खाली, माणूस वर

चष्मेवाल्यांनी गाडीतले स्पीकर बदलायला घेतले तेव्हा फिटरने सहज विचारलं, "साहेब, जास्त करून काय ऐकता? जुनी गाणी की ढिणच्याक?"

"बायको," चष्मेवाले म्हणाले.

फिटरच्या हातातला स्क्रू खाली पडला.

पण ते खरंच होतं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणारी त्यांची बायको बढतीवर परगावी गेली होती. चष्म्याचं दुकान उचलून नेण्यासारखं नव्हतं, म्हणून हे इथेच राहिले. संध्याकाळी दुकान बंद करून गाडीत बसले की तिचा फोन यायचा, पण गाडीतले जुने स्पीकर असे, की तिचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटायचा. तरी ते दिवसभर त्या डब्यातल्या आवाजाचीच वाट बघत बसायचे. गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून स्वतः घड्याळ बघायचे.

तिचं बोलणं तसं तिच्या तपासणी-अहवालासारखंच. जेवलास, झोपलास, दार लावलंस. पुढे काही म्हणेल असं वाटेपर्यंत हेच मधे तोंड घालायचे आणि दुकानातल्या गमती सुरू करायचे. फोन ठेवल्यावर मात्र जीव चुटपुटायचा.

स्पीकर एकदम झकास निघाले. फिटर गेल्यावर इमारतीच्या आवारात चष्मेवाल्यांनी आवाज पूर्ण वाढवून बघितला, काचा खाली घेतल्या, आणि डॅशबोर्ड पुसायला फडकं हवं म्हणून गाडी चालूच ठेवून पहिल्या मजल्यावरच्या घरात गेले. माळ्यावर फडकं शोधत असताना खिशातला फोन वाजला. तिचाच.

"हॅलो!" उत्तर नाही. "हॅलो, अगं, ऐकू येतंय का?" काहीच नाही. त्यांनी दुसऱ्या कानात बोट खुपसलं, डोळे घट्ट मिटले, आतल्या खोलीत गेले, खिडकी लावून घेतली. फोन जिवंत होता, पण मुका. फोन अजून गाडीलाच जोडलेला आहे आणि तिचा आवाज खाली आवारात घुमतोय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अखेर फोन बंद झाला. ते फडकं घेऊन खाली आले, तर गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या काकू पदराने डोळे टिपत होत्या. "भाग्यवान आहात हो," त्या वरूनच म्हणाल्या आणि आत पळाल्या.

चष्मेवाल्यांना उलगडा झाला. त्यांनी घाईघाईने बायकोला फोन लावला.

"अगं, मघाशी तू काय बोललीस?"

"म्हणजे? ऐकत होतास ना?"

"मी वर होतो. खाली... म्हणजे गाडीने ऐकलं."

ती म्हणाली, "आज तू एकदाही मधे बोलला नाहीस. मला वाटलं, ऐकतोयस. म्हणून बोलले. आता पुन्हा नाही जमायचं मला."

मग चष्मेवाले दारोदार फिरले. काकू म्हणाल्या, "इश्श! ते मी कसं सांगू?" तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "दुसऱ्याचा निरोप फोडायचा नाही, ही नोकरीतली सवय." समोरच्या घरातल्या नवऱ्याने दार अर्धंच उघडलं आणि दातओठ खात म्हणाला, "तुमच्यामुळे आमच्याकडे मघापासून अबोला आहे."

राहता राहिले सोसायटीचे चेअरमन. गाडीच्या हॉर्नवरूनही नोटीस लावणारा माणूस. दुसऱ्या दिवशी तेच आपणहून आले, गाडीत शेजारी बसले आणि काचा वर घ्यायला लावल्या.

"माझ्याकडे बघू नका. समोर बघा," ते म्हणाले. घसा खाकरून, सभेचा वृत्तांत वाचतात त्या सुरात त्यांनी सुरुवात केली. "इथे माझं वाक्य कुणी मधे तोडत नाही. त्यामुळे ते संपतं. संपलं की खोलीत दुसरं काहीच उरत नाही. मग मी मुद्दाम अर्ध्यावर थांबते, आणि वाट बघत बसते."

त्या जाडजूड मिशांतून "बसते" ऐकताना हसू यायला हवं होतं. चष्मेवाल्यांचा चष्मा धुरकटला.

"पुढे?"

"दुकानातल्या गमती मी ऑफिसात सांगते. कुणी हसत नाही. तुला सांगता येतात तशा मला येत नाहीत."

"आणि?"

"आणखी एक वाक्य होतं." चेअरमननी खिडकीबाहेर नजर वळवली. "ते मी सांगणार नाही."

"का हो?"

"काल रात्री मी ते घरी वापरलं." त्यांचे कान लाल झाले होते. "तीस वर्षांत पहिल्यांदा. हिने आधी कपाळाला हात लावून ताप बघितला. मग हात तसाच ठेवला."

चेअरमन दार उघडून उतरले, आणि वाकून दरडावले, "अहो, पाच-सहा तासांचा तर रस्ता आहे. इथे काय करताय?"

चष्मेवाल्यांनी दुकानाच्या किल्ल्या त्यांच्या हातात कोंबल्या आणि गाडी फाटकाबाहेर काढली. सबंध वाटेत त्यांनी ते झकास स्पीकर एकदाही लावले नाहीत.