सपाट अंगण

नवरा आठवडाभर बाहेरगावी गेला आणि तिने घराशेजारचा उतार सपाट करून घेतला.

तो उतार म्हणजे नुसता वैताग होता. खुर्ची ठेवली तर सरकायची, बादली ठेवली तर गडगडत खालच्या गल्लीत जायची. पण गवंड्याला बोलावलं ते त्यासाठी नाही. नवऱ्याची ड्यूटी पहाटेची. इतकी वर्षं तो गाडी सुरू न करता उतारावरून तशीच घरंगळू द्यायचा. इंजिनाचा आवाज यायचा तो पार गल्लीत पोचल्यावर. हिची झोप मोडू नये म्हणून. एरवी माणूस कोरडा, दोन गोड शब्द त्याच्या गावीही नसायचे. पण ही एक गोष्ट ती ज्याला त्याला सांगायची. खरं तर तिला रोजच जाग यायची. खडीवरून जाणारी चाकं ऐकत ती डोळे मिटून पडून राहायची, त्याची धडपड वाया जायला नको म्हणून.

अशा माणसासाठी आपणही काहीतरी करावं, असं तिच्या मनाने घेतलं. इथे सपाट असतं तर दोन खुर्च्या टाकून बसलो असतो, असं तो कधीतरी म्हणाला होता. गवंड्याने वरची माती खाली ओढली, गल्लीच्या अंगाला दगडी भिंत घातली, फरशी बसवली, कडेने फुलझाडं लावली. गाडीसाठी समोरच्या रस्त्यावर नवं फाटक काढलं आणि गड्यांकरवी गाडी ढकलून फाटकाच्या आत नीट लावूनही दिली.

नवरा आला तो फाटकातच थबकला. गहिवरला, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो बसने जायला लागला. एकदा म्हणाला, नव्या फरशीवर चाकांचे डाग पडतील. एकदा म्हणाला, गाडीत बसून पाठ धरते. खुर्चीत बसला की घरातलं कुणी गेल्यासारखा त्या भिंतीकडे बघत राहायचा. तिचा जीव खालीवर व्हायला लागला. न विचारता एवढा घाट घालायला नको होता.

मग नणंद आली, आणि जाताना तिला सामानासकट स्टेशनवर सोडायची वेळ आली. नवऱ्याने किल्ली फिरवली. गाडी हूं की चूं करेना.

"दादा, तो स्टार्टर अजून तसाच?" नणंद म्हणाली. "वहिनी, उतार नसेल तिथे हा गाडी लावतच नाही, माहितेय ना?"

वहिनीला काहीच माहीत नव्हतं. आता एकेक आठवायला लागलं. भाजीला लांबचं, टेकाडावरचं दुकान. दवाखान्यात जाताना पुलाच्या चढावर लावलेली गाडी. वर वारा छान असतो, म्हणायचा.

"मी बसते स्टिअरिंगवर. तुम्ही दोघं ढकला," नणंदेने हुकूम सोडला.

दोघं मागे वाकली. नव्या फरशीवर चपला सटकत होत्या. ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, ते सगळे तिच्या डोळ्यांसमोरून जात होते.

"म्हणजे माझ्या झोपेचं काही नव्हतंच," ती म्हणाली.

फाटक ओलांडल्यावर तो धापा टाकत हळूच म्हणाला, "आधी चालत होता स्टार्टर. न वापरल्यानेच गेला."

तिने त्याच्याकडे बघितलं आणि सगळा जोर लावून खांदा दिला. गाडी धडधडली, सुरू झाली. पुन्हा बंद पडेल या भीतीने नणंद थांबलीच नाही. वळणावरून हात हलवत थेट स्टेशनकडे गेली.

दोघं रस्त्यात उभी.

"अहो, स्टेशनपाशी उतार आहे का?"

"अजिबात नाही."

"मग चला," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरला.