अंगठ्याला बांधलेलं कलिंगड

कलिंगड गार करण्याचं काम या घरात जावयाला सहजासहजी मिळत नाही. सासरे होते तोवर ते त्यांच्याकडे होतं, ते गेल्यावर साडू जेरार्दोकडे गेलं. (जेरार्दोला पिळदार पोटऱ्या होत्या आणि प्रत्येक गोष्टीवर मत होतं.) दुसऱ्या जावयाकडे, एर्मेतेकडे, मात्र अकरा वर्षं समुद्रकाठच्या छत्रीची पिशवी सांभाळायचं खातं होतं. यंदा जेरार्दोची कंबर धरली. मग पंधरा ऑगस्टच्या उन्हाळी सणाला, इटलीतला अख्खा कालाब्रिया प्रांत किनाऱ्यावर लोटलेला असताना, सासूबाई इम्माकोलातांनी नऊ किलोचं धूड हिरव्या जाळीत घालून एर्मेतेच्या हाती दिलं.

"एक वाजता टेबलावर गार पाहिजे. तुझे सासरे कमरेएवढ्या पाण्यात दोन दोन तास उभे राहायचे."

"काळजी नको, आई."

"ती मी केव्हाच सुरू केलीये."

बायको मिरेल्ला वांग्याचं पातेलं फडक्यात गुंडाळत म्हणाली, "अरे, निदान झोपू तरी नकोस."

"मी? आणि झोपेन?" (पोस्टाच्या खिडकीमागे बसून हा माणूस शिक्का हातात धरून झोपतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.)

काठाजवळचं पाणी अगदीच कोमट होतं. एर्मेतेने विचार केला, चार हात आत गेलं तर फळ अधिक गार होईल. मग हवा भरलेली गादी असताना उभं कशाला राहायचं? जाळीची लांब दोरी त्याने उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधली, गादीवर आडवा झाला आणि पोटावर हात ठेवले.

अहाहा! काय सुख होतं ते! वर निळं, खाली निळं, आणि मध्ये एर्मेते. किनाऱ्यावरची आरडाओरड हळूहळू शेजारच्या घरातल्या रेडिओसारखी बारीक होत गेली. कलिंगड मधूनच टाचेला हलकेच धडकायचं, जणू विचारायचं, 'आहात ना?' तोही अंगठा हलवून सांगायचा, 'आहे बाबा.' इतक्या विश्वासाने त्याच्याशी घरात कोणी वागलं नव्हतं. त्याचा ऊर भरून आला. मग त्याला दिसलं, की तो टेबलाच्या टोकाला, सासऱ्यांच्या खुर्चीत बसलाय. सासूबाई पहिली फोड त्याला देतायत आणि जेरार्दो छत्रीची पिशवी सांभाळतोय. जमिनीवरून मंद वारा सुटला होता, आणि असं स्वप्न मोडायचं त्याच्या जिवावर आलं.

"काका! कुठे निघालात?"

एर्मेतेने डोळे उघडले. शेजारी जीवरक्षकाची लाल होडी होती. किनाऱ्यावरच्या छत्र्या बटणांएवढ्या दिसत होत्या.

"घरी," तो म्हणाला.

"इकडून ग्रीस लागतं."

"कलिंगड बरंय ना?" एर्मेते दचकून उठला आणि गादीवरून पडला.

एक वाजून वीस मिनिटांनी त्याला किनाऱ्यावर उतरवलं. हरवलेल्या पोरांसाठी असलेला भोंगा खरखरला. "सापडलं आहे! एक कलिंगड, अंदाजे नऊ किलो, हिरवी जाळी. सोबत एक गृहस्थ, पन्नाशीचे. ज्यांचे असतील त्यांनी ओळख पटवून न्यावेत."

किनाऱ्यावर टाळ्या पडल्या. सासूबाई तरातरा आल्या. मागून मिरेल्ला, आणि कंबर धरून जेरार्दोसुद्धा. (हसण्यापुरती त्याची कंबर सुटली होती.) सासूबाईंनी आधी कलिंगडाला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"मेल्या, बर्फ झालाय की याचा! असं गार ह्यांच्या हातूनही कधी झालं नव्हतं."

जेरार्दोचं हसू मावळलं. एर्मेतेने धीर करून विचारलं, "मग आई, पुढच्या वर्षी...?"

"तूच. आता कायमचं तूच."

एर्मेतेचे डोळे पाणावले. अकरा वर्षांची पिशवी एकदाची खांद्यावरून उतरली होती. छत्रीखाली आल्यावर तो अंगठ्याची गाठ सोडायला वाकला.

"राहू दे ती," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कलिंगड जाळीतून काढून मिरेल्लाकडे दिलं, आणि दोरीचं जाळीकडचं टोक छत्रीच्या दांड्याला दोन गाठी मारून बांधलं. "हं, आता वाढ गं."